बेचाळीस भरत्या

रत्नागिरीच्या वाणिज्य न्यायालयात २०४१च्या मार्चमध्ये झालेली एक उलटतपासणी पुढे वकिलीच्या वर्गांत दाखवली जाऊ लागली. तांत्रिक साक्षीदाराला अर्ध्या तासात निष्प्रभ कसं करावं, याचा नमुना म्हणून. ती घेणारे अ‍ॅडव्होकेट जयदीप वालावलकर यांना कुणी त्याबद्दल शाबासकी दिली, की ते विषय बदलत. लोकांना तो विनय वाटे.

तो विनय नव्हता.

जयदीप मुळात स्थापत्य अभियंता. कराडहून पदवी घेऊन त्याने चार वर्षं पुलांच्या साइटवर उन्हात काढली होती. ठेकेदार आणि सरकारी खातं यांची जुंपली, की दोन्हीकडचे वकील यायचे आणि शटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, दुकानाचं शटर समजून भलतेच प्रश्न विचारायचे. ते बघून त्याला वाटलं, हे काम आपण जास्त बरं करू. नोकरी करता करता त्याने कायद्याची पदवी घेतली, सनद मिळवली, आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत बंदर असो, बोगदा असो की बॉयलर, वाद यंत्राचा किंवा बांधकामाचा असला की वालावलकरांचं नाव निघू लागलं. साक्षीला येणारे तज्ज्ञ त्याला वचकून असत, कारण तो त्यांच्याच भाषेत बोलायचा. भाषा त्यांची, आणि जाळं त्याचं.

मार्चमधला खटला काळबेटच्या पुलाचा होता. काळबेट म्हणजे शिरवलीच्या खाडीतलं दीड हजार वस्तीचं बेट. सहा वर्षांपूर्वी तिथे पूल झाला, तो ‘आदिबंध’ नावाच्या नव्या काँक्रीटचा. गावकरी त्याला ‘जितं काँक्रीट’ म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. या काँक्रीटमध्ये खसखशीएवढ्या कुप्या मिसळलेल्या असतात. कुपीत जिवाणूंची झोपलेली बीजं आणि थोडं खाद्य. काँक्रीट कोरडं आणि अखंड असेतोवर बीजं वर्षानुवर्षं निजून राहतात. तडा गेला, कुपी फुटली आणि पाणी आत शिरलं, की ती जागी होतात, खाद्य खातात आणि चुनखडी तयार करतात. तीन आठवड्यांत तडा बुजतो. खरचटलेल्या गुडघ्यावर खपली धरावी तसा. दुरुस्तीचा खर्च नाही, मजूर नाहीत. राज्यात दोनशेच्या वर पूल या काँक्रीटचे झाले होते.

पूल विभागातल्या एका उपअभियंत्याने मात्र वेगळंच लिहून ठेवलं. ओहोटीच्या वेळी होडीतून जाऊन काळबेटच्या खांबांमधल्या सळयांचा विद्युतदाब मोजला, आणि अहवाल दिला: पाचव्या आणि सहाव्या खांबातलं पोलाद गंजत असावं. जड वाहनं थांबवा, खांबाला भोक पाडून आत बघा. खात्याने जड वाहनं थांबवली आणि राज्यभर आदिबंधचा वापर रोखून धरला. कंपनी जयदीपला वकील घेऊन कोर्टात गेली. भोक पाडलं तर जिवंत थर मरतो, असं तिचं म्हणणं. आणि मुळात तडा कुठे आहे? दाखवा!

साक्षीदारांच्या यादीत त्या उपअभियंत्याचं नाव वाचलं, तेव्हा जयदीप खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. हर्षला तांडेल.

कराडला चारही वर्षं ती त्याच्या गटात होती. अख्ख्या वर्गात काँक्रीट तिच्याइतकं कुणालाच कळत नसे. जयदीपला जे कळत होतं, त्यातलं निम्मं तिनेच वहीवर आकृत्या काढून समजावलेलं. बोलून नव्हे, कारण हर्षला बोलताना अडखळायची. तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक तिला सारखे मध्येच तोडत होते. तेव्हा जयदीप न विचारता आत गेला आणि म्हणाला होता, “सर, तिला मध्ये थांबवू नका. थांबवलं की तिला वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आकड्यांना तर जास्तच वेळ लागतो. तुम्ही नुसते गप्प राहा, ती सगळं सांगेल.” परीक्षक गप्प राहिले. हर्षला पहिली आली. जयदीपच्या लग्नात ती पिशवीत बर्फात घातलेली भलीमोठी सुरमई घेऊन आली होती आणि मुंडावळ्या बांधलेल्या जयदीपच्याच हातात तिने ती पिशवी दिली होती.

आपण हा खटला सोडावा का, असा विचार त्याच्या मनात आला. पण ओळखीचे साक्षीदार कुणाला नसतात, असंही मनात आलं. त्याने अशिलाला ती ओळख सांगितली नाही. आणि त्या दिवशी दुपारी त्याने प्रश्न लिहायला घेतले. सगळे आकड्यांचे.

*

न्यायालयात आता लघुलेखक नव्हते. बोललेलं यंत्र ऐके आणि न्यायाधीशांच्या मागच्या पडद्यावर अक्षरं उमटत. कामकाज बाहेर कुणालाही बघता येई.

हर्षला खादीचा कुर्ता घालून, फायली छातीशी धरून उभी होती. तिने जयदीपकडे पाहून किंचित मान हलवली. ओळखीच्या माणसाला बघून बरं वाटतं, तशी.

“तांडेल मॅडम, आदिबंध काँक्रीटला तडा गेला तर तो बुजायला किती दिवस लागतात?” जयदीपने विचारलं.

“ए... ए... एकवीस.”

“एकवीस दिवसांनंतर त्या तड्यातून खाडीचं पाणी आत जाऊ शकतं?”

“नाही. पण त्या आ... आधीच बे... बेचा...”

“मी आधीचं विचारलं नाही. एकवीस दिवसांनंतर. हो की नाही?”

“नाही.”

पडद्यावर ‘नाही’ उमटलं. त्याआधीच्या शब्दांच्या जागी यंत्राने लिहिलं होतं: ‘उत्तर अस्पष्ट’.

“पाचव्या खांबावर गंजाचा डाग आहे?”

“नाही. का... कारण तो ला... लाल...”

“डाग आहे की नाही, एवढंच.”

“नाही.”

“दिसणारा तडा?”

“नाही.”

“विद्युतदाबाचं मोजमाप हा केवळ अंदाज असतो, पुरावा नव्हे, असं तुमच्याच खात्याच्या नियमपुस्तकात लिहिलंय. कलम कितवं?”

“चौ... चौ... चौ...”

“आठवत नसेल तर तसं सांगा.”

हर्षलाचं कपाळ घामाने चमकत होतं. तिने एकदा डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जयदीपने तिसऱ्या अक्षराला नवा प्रश्न टाकला. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. पडद्यावर एकाखाली एक ओळी साठत गेल्या: उत्तर अस्पष्ट. उत्तर अस्पष्ट. उत्तर अस्पष्ट.

आणि तेवढ्यात, पुढचा प्रश्न ओठांवर असताना, जयदीपच्या डोक्यातल्या इंजिनिअरने तिचं तुटलेलं वाक्य जोडलं. बेचा... बेचाळीस. एकवीस दिवस, दिवसाला दोन भरत्या. तडा बुजण्याआधी बेचाळीस वेळा समुद्र त्या खांबात शिरून गेलेला असतो. मीठ आत जातं, मग वरून खपली धरते. मीठ आतच राहतं. आणि लाल डाग नाही, कारण आत हवाच नाही, जिवाणूंनी ती आधीच संपवलेली. हवेशिवायचा गंज लाल नसतो, तो काळा असतो. तो फुगत नाही, काँक्रीट फोडत नाही, बाहेर डाग पाडत नाही. गुपचूप सळई खात राहतो.

ती बरोबर होती. कोर्टात बसलेल्या पन्नास माणसांत हे दोघांनाच कळलं होतं, आणि त्यातल्या एकीला ते बोलता येत नव्हतं.

“मला आणखी काही विचारायचं नाही,” जयदीप म्हणाला.

न्यायाधीश बाईंनी चष्मा वर केला. “साक्षीदाराला स्वतःहून काही सांगायचंय का?”

हर्षलाने श्वास घेतला. तिचे ओठ हलायला लागले.

“मॅडम,” जयदीप उभा राहिला, “साक्षीदारांचा सविस्तर लेखी अहवाल नोंदीत आहेच. न्यायालयाचा वेळ...”

न्यायाधीश बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सरकारी वकिलांनी फेरतपासणी घेतली नाही. हर्षला फायली उचलून खाली उतरली. जाताना तिने जयदीपकडे पाहिलं, ते रागाने नव्हे. एखादं गणित कुठे चुकलं हे शोधावं, तसं पाहिलं.

*

घरी केतकीने ते कामकाज पाहिलं होतं. केतकी त्याची बायको, पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची. ती कोथिंबीर निवडत बसली होती, आणि तो आल्यावरही तिने वर पाहिलं नाही.

“तिला तू बोलू दिलं नाहीस,” ती म्हणाली.

“उलटतपासणी अशीच असते, केतकी.”

“मला तूच सांगितलं होतंस ना, त्या तोंडी परीक्षेचं? मी लोकांना कौतुकाने सांगते ते. नवऱ्याचं कौतुक म्हणून.” तिने कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली. “त्या दिवशी तुला जे माहीत होतं, तेच आज वापरलंस.”

जयदीपला तिला सांगायचं होतं, की त्याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. पण ती सांगितली असती, तर मग काहीतरी करावं लागलं असतं. तो हातपाय धुवायला गेला.

दोन दिवसांनी त्याने कंपनीच्या तांत्रिक संचालकांना, रेग्यांना, सहज विचारल्यासारखं विचारलं. समुद्राच्या पाण्यातल्या खांबांची आतून कधी चाचणी केली होती का?

रेगे हसले. “केली होती की. तीन वर्षांपूर्वी, आमच्या आवारात. तुम्ही विचारलं नाहीत, आम्ही सांगितलं नाही. आणि आता विचारलंत, तर ते वकील आणि अशील यांच्यातलं गुपित झालं. हो ना?”

“काय निघालं त्यात?”

“वालावलकर,” रेगे म्हणाले, “तुम्ही खटला जिंकताय. जिंका.”

एप्रिलमध्ये निकाल लागला. अहवाल रद्द, बंदी रद्द. पुलाच्या तोंडाशी निळी पाटी लागली: सर्व वाहनांस खुला. हर्षलाची बदली चिपळूणला झाली, जुने नकाशे सांभाळायच्या विभागात. जयदीपला वर्तमानपत्रातून ते कळलं. त्याने तिला निरोप लिहायला घेतला, ‘हर्षला’ एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. मे गेला, पावसाळा गेला, दिवाळी आली. तो पुलाचा विचार करायचा नाही असं ठरवायचा. कुठल्याही गावी काँक्रीटची भिंत गुळगुळीत दिसली, की त्याची मान आपोआप दुसरीकडे वळे.

*

नोव्हेंबरमध्ये रेग्यांनी काही फोटो पाठवले. काळबेटची माणसं होडीत बसून खाडी ओलांडताहेत, आणि मागे तो भलाथोरला पूल रिकामा उभा आहे.

“ती तांडेल बाई रविवारी तिथे जाते आणि लोकांच्या मनात भरवते,” रेगे फोनवर म्हणाले. “बदनामीचा दावा लावू. वैयक्तिक तिच्यावर.”

“मी आधी जागा पाहून येतो,” जयदीप म्हणाला.

तो रविवारी गेला. पूल देखणा होता. सहा वर्षं खारं वारं खाऊनही एक ओरखडा नाही. धक्क्यावर टोपली घेऊन एक म्हातारी होडीची वाट बघत उभी होती. टोपलीत वाळवलेले बोंबील होते.

“आजी, पुलावरून का नाही जात?” त्याने विचारलं.

“हर्षलाताईन सांगितलान् ना, जाव नको म्हणून. मग नाय जात.”

“पण कोर्टाने पूल चांगला म्हटलाय.”

“कोर्ट येतो काय ह्या खाडीत?” म्हातारी म्हणाली. “ती येते. दर आयतवारी.”

हर्षला पाचव्या खांबाशी होती. लहानशा होडीत उभी राहून खांबाला ओला स्पंज लावत होती, हातातल्या मीटरवरचे आकडे वहीत उतरवत होती. जयदीपने म्हातारीच्याच होडीवाल्याला तिथे सोडायला सांगितलं. हर्षलाने त्याला बघितलं आणि हात पुढे करून त्याला आपल्या होडीत घेतलं.

“द... दावा लावायला आलास?” तिने विचारलं.

“नाही.”

ती काम करत राहिली. जयदीप फळीवर बसला. काय बोलायचं ते त्याने गाडीत दहा वेळा जुळवलं होतं. “हर्षला, मला माफ कर” एवढंच तोंडातून आलं.

“कशाबद्दल?”

“तुला बोलू दिलं नाही.”

“ते झालंच. ते मला ल... लहानपणापासून होतं. शाळेत, बसमध्ये, बँकेत.” तिने मीटर बंद केलं. “मला एकच कळत नव्हतं. तुला क... कळलं होतं का? मी बेचाळीस म्हटलं तेव्हा?”

खाडीचं पाणी खांबाला चापट्या मारत होतं. जयदीपला नाही म्हणता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता.

“कळलं होतं,” तो म्हणाला.

हर्षलाने मान डोलावली. मग ती बोलायला लागली, तिच्या चालीने, अडखळत, थांबत, आणि जयदीपने मध्ये एक शब्दही घातला नाही. तिने त्याला उरलेलं सांगितलं. सळई म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच तार. खालच्या टोकाला मीठ आहे, हवा नाही. वरचं टोक कोरड्यात आहे, त्याला हवा मिळते. दोन टोकांत फरक पडला की घट चालू होतो, विजेरीत होतो तसाच, आणि खालचं टोक झिजतं. वरचं जितकं निरोगी, तितकं खालचं लवकर मरतं. मार्चपासून आकडे दुपटीने वाढले होते. तिने वही त्याच्यापुढे धरली. तीस रविवारांचे तीस रकाने.

“खात्यात दाखवलंस?”

“न्यायालयाने माझा अहवाल र... रद्द केलाय. खात्याला तो आता उघडताही येत नाही. कुणी तरी न... नव्याने तपासणी मागायला हवी.”

“माझ्याकडे कंपनीची एक गोष्ट आहे. पण ती मला सांगता येत नाही. अशिलाचं गुपित आहे.”

“मी तुझं गुपित मागत नाही, जयदीप.” पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. “माझाच अहवाल घे आणि वाच. म... मोठ्याने वाच. तू त्या दिवशी काय समजलास, ते सांग. ते तुझं स्वतःचं आहे. कं... कंपनीचं नाही.”

“सांगतो,” जयदीप म्हणाला.

आणि त्या क्षणी त्याच्या मनात ते खरंच होतं.

*

मुख्य अभियंत्यांना पत्र लिहायला त्याला एका दिवसापेक्षा जास्त लागायला नको होता. पहिल्या मसुद्यात त्याने सगळं लिहिलं. दुसऱ्यात ‘मला तेव्हाच कळलं होतं’ हे वाक्य काढलं. मग ते काढल्याची लाज वाटून तिसरा लिहिला. एका ज्येष्ठ वकिलांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, “सनद जाईल. आणि अहो, तुमच्या डोक्यात काय आलं होतं याला पुरावा काय? कोण सिद्ध करणार आहे?” मंगळवारी मुंबईत बंदराच्या खटल्याची सुनावणी होती. ती होऊन जाऊ दे, मग पाठवू, असं त्याने ठरवलं. सुनावणी पुढच्या आठवड्यात गेली. पत्र टेबलाच्या खणात राहिलं.

हर्षलाला भेटल्याला नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी सकाळी पावणेदहाला काळबेटच्या पुलाचा पाचवा खांब पाण्याच्या पातळीशी बसला आणि त्यावर टेकलेले रस्त्याचे दोन गाळे खाडीत गेले.

त्या वेळेला बेटावरची चाळीसेक मुलं शाळेला निघालेली असतात. ती होडीत होती. बायका होडीत होत्या. शाळेचे मास्तर सायकल होडीत घालून येत होते. बेटावरचं एकही माणूस पुलावर नव्हतं. पुलावर होता तो फक्त बर्फाचा एक ट्रक, कवठेमहांकाळकडचा. त्याच्या ड्रायव्हरला हर्षलाताई कोण हे माहीत नव्हतं. त्याने निळी पाटी वाचली होती. त्याला होडीवाल्यांनी बर्फाच्या लाद्यांमधून बाहेर काढलं. जीव वाचला. दोन्ही पाय गुडघ्यावरून कापावे लागले.

फुटलेल्या खांबातल्या सळयांचे फोटो दुपारपर्यंत सगळीकडे फिरले. अंगठ्याएवढ्या जाड सळया काही ठिकाणी पेन्सिलीच्या शिसाइतक्या उरल्या होत्या. काळ्या, चिकट. लाल ठिपकाही नाही.

जयदीपने खणातलं पत्र काढलं. ते आता पाठवलं, तर तारीख कुठली घालायची? त्याला स्वतःची इतकी किळस आली, की तो न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून बसला. केतकी दाराबाहेर उभी राहिली. तो बाहेर आल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. मार्चमधलं, रेग्यांचं, होडीतलं, खणातलं. ती ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, “मला दोन दिवस आईकडे जाऊ दे. मी येईन परत. पण आत्ता मला तुझ्याकडे बघवत नाहीये.”

*

चौकशी आयोगाने जयदीपला बोलावलं नव्हतं. तो स्वतः गेला. फेब्रुवारीत, भरल्या सभागृहात त्याने स्वतःची उलटतपासणी वाचून दाखवली. प्रत्येक ‘उत्तर अस्पष्ट’पाशी थांबून तिथे काय असायला हवं होतं ते सांगितलं. मग म्हणाला, “हे मला त्याच वेळी कळलं होतं. कळल्यावर मी प्रश्न थांबवले, आणि साक्षीदाराला बोलायची संधी मिळत होती तीही अडवली. मी खोटं काही बोललो नाही. मी फक्त खरं बोलू दिलं नाही.”

कंपनीच्या वकिलांनी त्याला विचारलं, “तुम्हाला तेव्हा कळलं होतं, याला पुरावा काय?”

“काही नाही,” जयदीप म्हणाला. “मी सांगतोय, एवढाच.”

आयोगाने पुढे कंपनीचे कागद जप्त केले, तेव्हा आवारातली ती चाचणी आपसूकच बाहेर आली. रेग्यांना अटक झाली. राज्यातल्या खाडीवरच्या एकतीस पुलांना भोकं पाडून बघितलं गेलं. चौदा बंद झाले. हर्षलाला पूल विभागात परत बोलावलं, आणि ती आली तीच मीटर घेऊन. जयदीपची सनद तीन वर्षांसाठी गेली. केतकी दोन दिवस म्हणून गेली होती, ती पंधरा दिवसांनी परतली. ती परतली, याचं जयदीपला रोज नव्याने नवल वाटे.

वर्तमानपत्रांनी मात्र त्याला उचलून धरलं. ‘सदसद्विवेकी वकील’ असा मथळा आला. अनोळखी माणसं फोन करून म्हणाली, साहेब, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून. त्याला त्या फोनांची मार्चमधल्या शाबासकीपेक्षा जास्त लाज वाटली. आणि त्याहून जास्त लाज वाटली ती ऐकताना कुठेतरी बरं वाटत होतं त्याची.

साक्षीनंतर महिन्याभरातच, मार्चच्या सुरुवातीला, तो त्या ट्रकच्या ड्रायव्हरला भेटायला मिरजेच्या इस्पितळात गेला.

आप्पासो खरात खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसला होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा गडी. पांघरूण गुडघ्यांपाशी एकदम सपाट झालं होतं. त्याची बायको, छबूबाई, स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती.

“वकीलसायेब व्हय? बसा की,” आप्पासो म्हणाला. दाराशी नर्सने ‘रत्नागिरीहून वकील आलेत’ एवढंच सांगितलं होतं. “नुकसानभरपाईचं का? लई वकील येऊन गेलं. तुमी बरं दिसतासा.”

छबूबाईने थर्मासमधला चहा कपात ओतून जयदीपच्या हातात दिला.

“लांबनं आलासा,” ती म्हणाली.

जयदीपने कप घेतला. खोलीत औषधाचा आणि मोसंबीच्या सालीचा वास होता.

“मी नुकसानभरपाईसाठी आलो नाही,” तो म्हणाला. “त्या पुलाचा खटला मी लढलो होतो. कंपनीकडून. पूल खुला झाला, ती पाटी लागली, ती माझ्यामुळे.”

छबूबाईचे हात थांबले.

“म्हंजे तुमी फसला व्हतासा? कंपनीनं फसवलं?” आप्पासोने विचारलं. त्याने स्वतःहून देऊ केलेली ती पळवाट होती. अगदी सरळ मनाने देऊ केलेली.

“नाही. पूल पडू शकतो हे मला कळलं होतं.”

“कवा?”

“मार्चमध्ये. गेल्या मार्चमध्ये.”

आप्पासोने मान खाली घातली. तो अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत मनाशी महिने मोजू लागला. मार्च, एप्रिल, मे. जयदीप बघत राहिला. मोजणं नोव्हेंबरपाशी थांबलं.

“नऊ म्हैनं,” आप्पासो म्हणाला.

“ह्यास्नी त्या बेटावर दर म्हैन्याला बर्फ न्यावा लागायचा,” छबूबाई नवऱ्याकडे बघत, पण जयदीपला ऐकू जाईल असं म्हणाली. “दोनदा तर मी बी बसलेली टरकात. खाडी बघाय.”

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने कूस बदलली. जयदीपला वाटलं आता हा ओरडेल, काहीतरी फेकून मारेल, आणि तसं झालं तर किती बरं होईल. आप्पासो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर रिक्षांची रांग होती, आणि एक ड्रायव्हर फडक्याने काच पुसत होता.

“च्या प्या,” आप्पासो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “दिलेला हाय, तर प्या. आन् जावा. परत येऊ नगा.”

चहा गार झाला होता, त्यावर साय धरली होती. जयदीप तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग उठून कोपऱ्यातल्या बेसिनच्या नळाखाली कप धुतला, खाटेजवळच्या लोखंडी कपाटावर उपडा ठेवला आणि दाराकडे निघाला. छबूबाईने मोसंबीची पुढची फोड सोलायला घेतली होती.